आधी फेस, मग फडके : गाडी धुण्याच्या धंद्याचा एक धडा



आम्ही कापडाचे व्यापारी. मोटार धुण्याच्या विषयावर आम्ही कलम उचलावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूने आमच्या गाडीचा रंग खराब झाला ती वस्तू आमच्याच दुकानातून गेली होती. त्या नुकसानीपायी एका गरीब मुलाला आमच्याकडून नाहक बोल खावे लागले. त्यानंतर आम्ही या विषयाची जी माहिती गोळा केली आणि जो तजुर्बा घेतला, तो येथे मांडत आहोत. नवी मुंबईत आपली कितीतरी मुले गाड्या धुण्याच्या कामावर पोट भरतात. काहींनी सर्व्हिसिंगची छोटी केंद्रे काढली आहेत. काही बंधू फडकी आणि पुसणी विकतात. या सर्वांना याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

प्रसंग असा घडला

आम्ही खारघरला राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काळ्या रंगाची नवी गाडी घेतली. सोसायटीतल्या गाड्या धुणारा एक मुलगा पहाटे येई. एक बादली पाणी, एक फडके, आणि दहा मिनिटांत एक गाडी. उजाडायच्या आत त्याच्या पंधरा-वीस गाड्या होत. आमची गाडी नवी म्हणून आम्ही त्याला दुकानातले टर्किश टॉवेलचे कटपीस दिले. चांगले सुती कापड, मऊ, दाट फासांचे. मनात म्हटले, याने रंगाला धक्का लागणार नाही.

सात-आठ महिन्यांनी एका रात्री पेट्रोल पंपावर गाडी उभी होती. वरच्या दिव्याचा झोत बॉनेटवर पडला होता आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो बारीक रेघा चमकत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला फैलावर घेतले. तुझा हात जड आहे, तू खडे असलेले फडके वापरतोस, असे बरेच बोललो. त्या महिन्याचे पैसे देणार नाही असेही म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "चाचा, फडकं तर तुम्हीच दिलं होतं."

आम्ही ते फडके मागून घेतले आणि दुकानात नेले. कापडाचे धागे मोजण्यासाठी प्रत्येक कापडवाल्याच्या गल्ल्यात एक भिंग असते. ते फडक्यावर ठेवून पाहिले. टॉवेलच्या फासाफासांत बारीक चमकते कण अडकून बसले होते. ते फडके रोज धुतले जात होते, पिळले जात होते, तरी कण निघाले नव्हते. फासांचे कापड धरून ठेवण्यासाठीच विणलेले असते. अंग पुसताना ते पाणी धरते, गाडीवर त्याने खडी धरली. आम्हीच दिलेल्या फडक्याचे हळूहळू पॉलिश पेपर झाले होते.

त्या मुलाचे पैसे आम्ही त्याच दिवशी दिले आणि त्याची माफीही मागितली. कसूर त्याच्या हाताचा नव्हता. धुण्याची रीतच चुकीची होती, आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती.

गाडीचे भांडवल किती जाड असते?

आजच्या मोटारीवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशसारखा थर, ज्याला कारखान्यात क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ पडद्यावर उभी आहे.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. ओरखडे घालवण्यासाठी मशीनवर पॉलिश करतात, तेव्हा खरे तर ओरखड्याच्या खोलीइतका थर घासून काढतात. चमक परत येते, पण थर पातळ होतो. दोन-चार वेळा असे केले की थर संपत येतो आणि मग पुन्हा रंग काढण्यावाचून इलाज नसतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे भांडवल आहे. ते दर पॉलिशला खर्च होते आणि त्यात भर कधीच पडत नाही. म्हणून ओरखडा पडल्यावर काढण्यापेक्षा तो पडू न देणे स्वस्त.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. रेघा गोल दिसतात म्हणून लोक समजतात की फडके गोल फिरवल्यानेच त्या पडल्या. वास्तविक रेघा सर्व दिशांना पडलेल्या असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल जाळे दिसते. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाडीवर ते चटकन दिसते. पांढऱ्या गाडीवर ओरखडे तितकेच असतात, फक्त नजरेत येत नाहीत.

आपल्या शहराची धूळ

मोहस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाचे १ ते १० असे माप ठरवले. त्यात हिरा १० वर आहे. वाळूतली गारगोटी ७ वर आणि खिडकीची काच साधारण साडेपाचवर. जी वस्तू अधिक कठीण ती कमी कठीण वस्तूवर रेघ ओढते. काचेवर रेघ ओढणारा वाळूचा कण गाडीच्या पारदर्शक थराची काय गत करील हे सांगायला नको.

नवी मुंबईच्या हवेत असे कण किती आहेत ते पाहा. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तेव्हापासून आजतागायत या शहरात कुठे ना कुठे बांधकाम चालूच आहे. सिमेंट, वाळू आणि खडीचा भुगा सतत उडत असतो. पारसिकच्या डोंगररांगेत वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजे येथे कारखाने आहेत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले तेव्हापासून कंटेनरच्या ट्रकांची रीघ आहे. कळंबोलीला लोखंड बाजार आहे. लोखंडाचे बारीक कण रंगावर बसून गंजले की पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. त्यात ठाण्याच्या खाडीची खारी, दमट हवा. कोरडी धूळ फुंकरीने उडेल, पण दमट हवेतली धूळ रंगाला चिकटून बसते.

अशा गाडीवर सकाळी कोरडे किंवा ओले फडके ओढले की कण फडक्याखाली येतात आणि हाताच्या दाबाने रंगावरून फरफटत जातात. फडके मखमलीचे असले तरी फरक पडत नाही. रंग कापतो तो फडके आणि पत्रा यांच्या मधला कण. हे समजले म्हणजे उपायही समजतो : हात लावण्याआधी कण गाडीवरून उतरले पाहिजेत. फेसाचे काम एवढेच आहे.

फेस काय करतो?

साबणासारख्या पदार्थाच्या रेणूला दोन टोके असतात. एक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. रस्त्यावरची घाण नुसती माती नसते. तिच्यात डिझेलचा धूर, टायरचे आणि डांबराचे तेलकट अंश असतात आणि त्यांनीच कण रंगाला चिकटतात. तेलाकडचे टोक त्या चिकट भागात शिरते, पाण्याकडचे टोक त्याला बाहेर ओढते. कण सुटा होतो आणि पाण्याबरोबर खाली घसरतो.

हे काम साबणाचे पाणीही करते. मग फेस कशाला? कारण पाणी उभ्या दरवाजावरून क्षणात ओघळून जाते. दाट फेस तीन-चार मिनिटे तेथेच टिकून राहतो आणि तेवढा वेळ औषधाला काम करायला मिळतो. तो हळूहळू खाली सरकतो तेव्हा सुटलेले कणही सोबत नेतो. नंतर हात फिरवताना जो ओलसर, निसरडा थर राहतो, त्यामुळे घर्षणही कमी होते.

पण फेस म्हणजे जादू नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फेस लावून पाणी मारल्यावर सुटी माती, वाळू आणि खडी निघते. धुराचा पातळ राखाडी पडदा उरतो, आणि तो हातानेच काढावा लागतो. फायदा इतकाच, की हात लागेपर्यंत कापणारे मोठे कण निघून गेलेले असतात.

कोणता साबण वापरावा? १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली निरमा आली, तेव्हापासून घराघरात धुण्याची पावडर पोहोचली. कपड्यांसाठी ती उत्तम, पण गाडीसाठी नव्हे. तिच्यात सोडा असतो. तो गाडीवरचे मेण काढून टाकतो. पावडरीचे न विरघळलेले दाणे राहिले तर तेही घासतात. भांड्यांचा द्रव साबण चिकटाई तोडण्यासाठीच बनलेला असतो, तोही मेण सोडत नाही. गाडीचा शाम्पू घ्यावा, आणि तो आम्लही नाही, क्षारीही नाही असा उदासीन असावा. बोअरवेलचे पाणी जड असेल तर अंगाच्या साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा साका धरतो. गाडीच्या शाम्पूचा फेस अशा पाण्यातही होतो. मात्र जड पाणी गाडीवर वाळू दिले तर क्षारांचे डाग पडतात, म्हणून लगेच टिपून घ्यावे.

धुण्याची रीत

१. गाडी सावलीत उभी करावी. बॉनेट हाताला गरम लागत असेल तर निवू द्यावे. मे महिन्याच्या उन्हात फेस एका मिनिटात वाळतो आणि वाळलेला फेस डाग सोडतो.

२. चाके आधी धुवावीत. ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचा कीस असतो. चाकांचा ब्रश, फडके आणि बादली वेगळी ठेवावी. ती चुकूनही वरच्या अंगाला लागता कामा नये.

३. साध्या पाण्याने टपापासून खालपर्यंत गाडी भिजवावी. सुटी माती येथेच जाते.

४. फेस मारावा. प्रेशर मशीन असेल तर तिच्या नळीला फेसाची बाटली लागते. शाम्पूच्या डब्यावर दिलेल्या प्रमाणात पाणी मिसळावे. मशीन नसेल तर हाताने हवा भरण्याचा दीड-दोन लिटरचा फेसाचा पंप मिळतो. त्याचा फेस थोडा पातळ असतो, पण काम होते. वीज लागत नाही, आणि पहाटे सोसायटीत आवाजही होत नाही.

५. तीन ते पाच मिनिटे थांबावे. या वेळात फडके लावू नये. दरवाजांच्या फटी, नंबर प्लेट, पेट्रोलचे झाकण येथे मऊ ब्रश फिरवायला हरकत नाही.

६. फेस पूर्ण धुऊन काढावा, वरून खाली. प्रेशर मशीनचा पंख्यासारखा फवारा वापरावा आणि निदान फूटभर अंतर ठेवावे. बारीक टोकदार झोत जवळून मारला तर सुटलेला रंग उडतो, रबराच्या पट्ट्या उचकटतात आणि टायरलाही इजा होते.

७. आता हात लावायचा. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, साध्या पाण्यात खळबळून कण सोडावेत, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर बसलेली माती वर येत नाही. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजाचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी खालची पट्टी, कारण खडी तेथेच जास्त असते. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा.

८. शेवटचे पाणी मारून गाडी टिपावी. मोठा टॉवेल पसरून ठेवावा आणि अलगद ओढून घ्यावा. रगडू नये.

९. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये. झटकून चालत नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मे नुकसान टळेल असे आमचे मत आहे.

फडक्याची पारख

हा आमच्या पेशाचा भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बाजारात मायक्रोफायबर नावाने जे विकले जाते ते सारेच अस्सल नसते.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९००० मीटर धाग्याचे वजन १ ग्रॅम भरले तर तो १ डेनियर. त्याहूनही बारीक तंतू म्हणजे मायक्रोफायबर. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अशा अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम साबर बनवले. तेव्हापासून ही विद्या वाढत गेली. पुसण्याच्या कापडात साधारण ८० टक्के पॉलिस्टर आणि २० टक्के नायलॉनच्या जातीचे पॉलिअमाईड असते, उंची मालात ७० आणि ३०. हे दोन पदार्थ एकाच तंतूत घालून नंतर तो तंतू चिरतात. चिरलेल्या तंतूंच्या फटींत पाणी आणि धूळ ओढली जाते. तंतू चिरलेलाच नसेल तर ते कापड साधे पॉलिस्टर आहे, नाव काहीही असो.

पारख अशी करावी. कापड खरखरीत तळहातावरून हलके ओढावे. चिरलेल्या तंतूचे कापड कातडीला अडकल्यासारखे लागते, न चिरलेले गुळगुळीत निसटते. पाण्याचा थेंब टाकावा. चांगले कापड तो लगेच पिते, खोटे कापड त्याला अंगावर घोळवत ठेवते. कोपऱ्यातला एक धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. शंका असेल तर घरातली जुनी सीडी घेऊन तिच्या चमकत्या बाजूवर कापड दाबून घासावे. तेथे रेघा पडल्या तर ते कापड गाडीला लावू नये.

वजन पाहावे. चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅमचे कापड सर्वसाधारण कामाला, ५०० च्या पुढचे पाणी टिपायला. लेबल कापून टाकावे, कारण ते नायलॉनचे कडक असते. काठाची शिवणही तपासावी. कापड मऊ आणि काठाला कडक दोरा असेल तर त्या दोऱ्यानेच रेघा पडतात. शिलाईच्या कारागीर बंधूंनी येथे लक्ष द्यावे. बिनकाठाचा किंवा मऊ पट्टी लावलेला रुमाल आणि दाट लोकरीसारख्या मायक्रोफायबरचा हातमोजा, या दोन वस्तू चांगल्या शिवून देणाऱ्याला या शहरात गिऱ्हाईक मिळेल. जो होजिअरीच्या चिंध्या किंवा पिवळी फडकी विकतो त्याने ती इंजिन आणि चाकांसाठी म्हणून विकावीत, रंगासाठी म्हणून नव्हे. माल वाईट नाही, पण त्याची जागा सांगून विकणे हे दुकानदाराचे काम आहे. आम्ही स्वतः ते केले नव्हते.

धुताना हे कापड सुती कपड्यांबरोबर टाकू नये, सुताची लव त्यात अडकते. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याने तंतूंच्या फटी बुजतात. ब्लीच नको, इस्त्री नको. कापड जुने झाले की त्याची बढती नव्हे, उतरती नेमणूक करावी : रंगावरून काचेवर, काचेवरून चाकांवर, चाकांवरून इंजिनवर. उलट प्रवास कधीही करू नये.

फेस लावूनही ओरखडे का?

आता केंद्रचालकांसाठी दोन शब्द. फोम वॉशच्या पाट्या आज नाक्यानाक्यावर दिसतात. आम्ही अनेक ठिकाणी उभे राहून पाहिले. गाडीवर पांढरा फेस मारतात, गिऱ्हाईक खूश होते आणि दुसऱ्याच क्षणी एक कामगार स्पंज घेऊन फेस रगडू लागतो. फेसाने कण सोडवले खरे, पण ते अजून गाडीवरच होते. ते धुऊन न काढताच रगडले. त्याच स्पंजने खालची पट्टी, मग चाके, आणि तोच स्पंज पुढच्या गाडीच्या बॉनेटवर. येथे फेस फक्त दिखाव्याचा राहिला. गिऱ्हाइकाने पैसे फेसाचे दिले आणि घरी रेघा नेल्या.

गिऱ्हाइकाची गाडी आपल्या हाती असते तोवर ती अमानत आहे. त्याला त्या रेघा आज दिसणार नाहीत, सहा महिन्यांनी दिसतील, आणि तेव्हा त्याला आपली आठवणही होणार नाही. म्हणूनच येथे इमानदारी आपल्या बाजूने पाळावी लागते. फेस मारणे आणि हात लावणे यांच्या मध्ये एकदा पाणी, आणि चाकांचे सामान वेगळे : एवढ्या दोन गोष्टींना खर्च जवळपास काहीच नाही.

पाण्याचा हिशेब

गच्च सोडलेली नळी मिनिटाला सहज १५ लिटर पाणी ओतते. दहा मिनिटांत १५० लिटर गेले. घरगुती प्रेशर मशीन मिनिटाला सुमारे ६ लिटर घेते. तिने सहा मिनिटे पाणी मारले आणि दोन बादल्या वापरल्या तर ६० लिटरच्या आसपास काम होते. सोसायटीत नळी किंवा मशीन चालत नसेल तर बागेची झारी घ्यावी. भिजवायला एक झारी, फेस धुवायला एक, शेवटी एक, आणि दोन अर्ध्या बादल्या मिळून ४० ते ५० लिटर होतात.

हे पाणी एका बादलीच्या पुसण्याहून जास्त आहे, हे आम्ही लपवत नाही. पण रोज एक बादली म्हणजे आठवड्याला सातआठ बादल्या होतात. फेसाने आठवड्यात एकदा नीट धुतले तर पाणी त्याहून कमीच लागते. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, तरी उन्हाळ्यात पाण्याची काटकसर कोणालाच चुकत नाही. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये टंचाई आली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी झाली आणि ५००० रुपये दंड ठेवला गेला. असा दिवस कोणत्याही शहरावर येऊ शकतो. केंद्रचालकांनी सांडपाण्याचा गाळ आणि तेल अडवणारा खड्डा करावा. पावसाळी गटारांचे पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीतच जाते, आणि तेथे आपलेच कोळी बांधव मासेमारी करतात.

रोजच्या पुसण्याचा करार

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. गाडीचे नुकसान सर्वांत जास्त होते ते रोजच्या पुसण्याने. धूळ नुसती पडून राहिली तर रंगाला लगेच काही होत नाही, ती पुसली की होते. पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच भिजवून काढावी, ती रंग खाते. पण धुणाऱ्या मुलांची महिन्याची रोजी रोजच्या पुसण्यावर ठरलेली असते. मालक म्हणतो, रोज आला नाहीस, पैसे कापतो. मग मुलगा दहा मिनिटांत फडके फिरवून जातो, आणि दोघेही समजतात की काम झाले.

आम्ही त्या मुलाशी नवा करार केला. महिन्याचे पैसे तेवढेच ठेवले. रोज फक्त काचा आणि आरसे, त्यांचे फडके वेगळे. आठवड्यातून एकदा फेसाने पूर्ण धुणे, त्याला अर्धा तास. पंप, शाम्पू, दोन हातमोजे आणि टॉवेल आम्ही आमच्या खर्चाने दिले. सुरुवातीला तो घाबरला. म्हणाला, "चाचा, बाकीचे मालक म्हणतील पोरगा कामचुकार आहे, गाडीवर धूळ दिसते." आम्ही सोसायटीतल्या चार जणांना आमचे बॉनेट आणि ते भिंगाखालचे फडके दोन्ही दाखवले. दोघे तयार झाले, दोघे नाही. पुढे आणखी काही आले. आज तो सकाळी कमी गाड्या हाताळतो, पण प्रत्येक गाडीचे पैसे जास्त घेतो, आणि त्याच्या हाताखाली आणखी एक मुलगा शिकतो आहे. आमच्या गाडीवरच्या जुन्या रेघा अजून आहेत. त्या काढण्यासाठी थर घासायचा नाही असे आम्ही ठरवले. नव्या रेघा फारशा वाढलेल्या नाहीत.

ध्यानात ठेवावे

रंग कापतो तो कण, म्हणून हात लावण्याआधी कण उतरवावा. फेस लावावा, थांबावे, धुवावे आणि मगच हातमोजा फिरवावा. चाकांचे सामान चाकांनाच. पडलेले फडके पडलेलेच. सावलीत धुवावे, वाळू देऊ नये. कोरड्या गाडीवर फडके ओढू नये. मालक बंधूंनी मुलाच्या कामाचा हिशेब तो किती दिवस आला यावर न ठेवता गाडी कशी धुतली यावर ठेवावा. आणि नुकसान दिसले तर दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण त्या हातात काय दिले होते, ते एकदा भिंगाखाली पाहावे.